डोअर काउंटी : नावाचा उगम आणि इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोअर काउंटी कुठे आहे आणि ‘काउंटी’ म्हणजे नेमके काय समजावे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या पूर्वेला मिशिगन सरोवर आहे. या राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातून एक निमुळते द्वीपकल्प सरोवरात शिरले आहे. त्याच्या पश्चिमेला ग्रीन बे हा सरोवराचाच लांबलचक उपसागर आहे आणि पूर्वेला मुख्य सरोवर. या द्वीपकल्पाचा बहुतेक भाग आणि त्याच्या टोकापलीकडची बेटे मिळून डोअर काउंटी होते. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग असतो. त्याला स्वतःचे मुख्यालय, न्यायालय आणि निवडून आलेले मंडळ असते, त्यामुळे आपल्याकडच्या जिल्ह्याशी त्याचे साम्य आहे. मात्र लोकसंख्येच्या बाबतीत ही तुलना टिकत नाही. २०२० च्या जनगणनेत डोअर काउंटीची लोकसंख्या ३०,०६६ होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याहूनही कमी.

काउंटीच्या हद्दीत मोडणारे क्षेत्र सुमारे २,३७० चौरस मैल आहे आणि त्यातील केवळ ४८२ चौरस मैल जमीन आहे. उरलेले जवळपास ८० टक्के क्षेत्र पाण्याचे आहे. या काउंटीचा इतिहास, आणि तिचे नावही, पाण्यावरच घडले आहे.

‘डोअर’ म्हणजे दार. एखाद्या प्रदेशाला असे नाव का पडले?

द्वीपकल्पाचे उत्तरेकडील टोक आणि त्यापलीकडची प्लम, डेट्रॉइट, वॉशिंग्टन ही बेटे यांच्या मधून एक अरुंद जलमार्ग जातो. मिशिगन सरोवरातून ग्रीन बे उपसागरात शिरण्याची ही वाट आहे. फ्रेंच व्यापारी आणि खलाशी या वाटेला ‘पोर्त दे मोर’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ मृतांचे दार. इंग्रजी बोलणारे लोक आल्यावर त्याचे ‘डेथ्स डोअर’ झाले, म्हणजे मृत्यूचे दार. १८५१ साली विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने या भागाची वेगळी काउंटी केली, तेव्हा त्या जलमार्गाच्या नावातला शेवटचा शब्द तेवढा उचलला गेला. म्हणून काउंटीचे नाव आधी पाण्याचे नाव होते. जमिनीला ते नंतर मिळाले.

हे नाव किती जुने आहे, याचा एक चांगला लेखी पुरावा उपलब्ध आहे. १७२८ साली फॉक्स या मूळ रहिवासी जमातीवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्याबरोबर इमॅन्युएल क्रेस्पेल नावाचे धर्मगुरू होते. त्यांच्या प्रवासवर्णनात या परिसरातील ‘काप आ ला मोर’, म्हणजे मृत्यूचे भूशिर, या ठिकाणाला वळसा घालून गेल्याची नोंद आहे. याचा अर्थ, इंग्रजी वसाहतकार येण्याच्या शंभर वर्षे आधी या टोकाशी मृत्यूचा संबंध जोडला गेला होता आणि तो फ्रेंच लोकांच्या बोलण्यात इतका रुळला होता की क्रेस्पेल यांना त्याचे स्पष्टीकरण देण्याची गरज वाटली नाही. स्थानिक लोकांकडून ऐकलेल्या नावाचे फ्रेंचांनी भाषांतर केले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रवाशांना वाट दाखवणारे आणि त्या पाण्याचा स्वभाव जाणणारे लोक मूळचे तिथलेच होते, हे लक्षात घेतल्यास हा तर्क पटण्याजोगा आहे.

दोन जमातींच्या युद्धात शेकडो योद्धे बुडाले म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. ते खरे आहे का?

ही कथा काउंटीत सर्वत्र ऐकायला मिळते. तिचे सर्वांत प्रचलित रूप असे आहे. बेटांवर पोटावाटोमी राहत होते आणि मुख्य भूमीवर हो-चंक, ज्यांना जुन्या लिखाणात विनेबागो म्हटले जाई. पोटावाटोमींनी अचानक हल्ला करण्याचे ठरवले आणि उतरण्यास सुरक्षित जागा कोणती, हे शेकोटी पेटवून कळवण्यासाठी हेर पुढे पाठवले. हेर पकडले गेले, त्यांचे छळ झाले आणि त्यांपैकी एकाने बेत सांगून टाकला. हो-चंकांनी मुद्दाम उंच कड्यावर शेकोटी पेटवली. वादळी रात्री तिच्या रोखाने आलेल्या होड्या कड्याखालच्या खडकांवर आदळून फुटल्या. त्याच वेळी बेटावर चाल करून निघालेल्या हो-चंकांच्या होड्याही लाटांनी गिळल्या, आणि दोन्ही बाजूंनी या पाण्याला मृत्यूचे दार मानले.

कथा म्हणून ती परिणामकारक आहे, पण तिला इतिहास म्हणता येत नाही. तिचे तपशील एकोणिसाव्या शतकातील आणि त्यानंतरच्या लिखाणात सापडतात, आणि प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बदलतात. कुठे आक्रमण करणारी जमात वेगळी असते, कुठे मृतांचा आकडा वेगळा असतो, तर कुठे शेकोटीचा प्रसंगच नसतो. अठराव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या एका फ्रेंच वृत्तांतात हो-चंकांचे पाचशे योद्धे सरोवर ओलांडताना वादळात नष्ट झाल्याचे सांगितले आहे. परंतु तिथे ते फॉक्स लोकांवर निघाले होते, आणि घटना नेमकी कुठे घडली याचे नाव दिलेले नाही. लोकस्मृतीत अशा एका मोठ्या दुर्घटनेची आठवण शिल्लक होती आणि पुढे ती या जलमार्गाशी जोडली गेली, इतके म्हणणे रास्त ठरेल.

या कथेबद्दल आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. मूळ रहिवासी आपसांत लढून स्वतःच बुडून गेले, असा समज ती नकळत करून देते. प्रत्यक्षात हे दोन्ही समाज त्या जलमार्गात संपले नाहीत. त्यांची जमीन गेली ती एकोणिसाव्या शतकातील करारांमुळे, आणि त्या करारांच्या तारखा व कागदपत्रे उपलब्ध आहेत. नावाची कथा सांगताना हा भाग गाळणे अन्यायाचे आहे.

तो जलमार्ग खरोखर इतका धोक्याचा आहे का?

होय, आणि नावाचे खरे कारण बहुधा इथेच आहे. ग्रीन बे उपसागर सुमारे १२० मैल लांब आणि तुलनेने उथळ आहे. वारा एका दिशेने जोर धरून वाहू लागला की उपसागरातील पाणी एका टोकाला साचते, आणि वारा पडला किंवा फिरला की ते उलटे वाहते. या चढउताराला बाहेर पडण्यासाठी बेटांमधल्या मोजक्याच फटी आहेत. त्यामुळे जलमार्गातील प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही वाहू शकतो आणि पाहता पाहता दिशा बदलतो. भरीस भर म्हणून पाण्याखाली खडकाळ उथळे आहेत. डोलोमाईट या चुनखडकाच्या जातीच्या कठीण खडकाची जी लांब रांग पूर्वेला नायगारा धबधब्यापर्यंत जाते, तिचाच भाग द्वीपकल्पाच्या कण्यासारखा इथून उत्तरेकडे गेला आहे आणि बेटांच्या रूपाने पाण्याबाहेर डोकावतो.

शिडाच्या जहाजाला अशा ठिकाणी वारा पडला तर प्रवाहाच्या स्वाधीन होण्यावाचून गत्यंतर नसे. लाकूड, धान्य आणि दगड वाहून नेणाऱ्या जहाजांची वर्दळ एकोणिसाव्या शतकात वाढली, तसे अपघातही वाढले. नोव्हेंबरमधली वादळे विशेष घातक असत. धोक्याची जाणीव सरकारलाही लवकर झाली होती. रॉक बेटावरचे पोटावाटोमी दीपगृह १८३६ साली, म्हणजे विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळण्याच्या १२ वर्षे आधी उभे राहिले. विस्कॉन्सिनमधील ते सर्वांत जुने दीपस्थान असून सध्याची दगडी इमारत १८५८ सालची आहे. त्याचे पहिले रक्षक डेव्हिड कॉर्बिन १८५२ मध्ये वारले आणि त्यांना त्याच बेटावर दफन करण्यात आले. १८५८ मध्येच जलमार्गाच्या तोंडाशी असलेल्या पायलट बेटावरही दीपगृह उभारले गेले.

मग काउंटीच्या नावातून ‘मृत्यू’ कसा वगळला गेला?

विधिमंडळाने काउंटीला ‘डोअर’ एवढेच नाव दिले. जिथे माणसांनी येऊन जमीन घ्यावी, गिरण्या घालाव्यात आणि संसार थाटावेत अशी अपेक्षा होती, त्या भागाच्या कागदपत्रांवर मृत्यूचा उल्लेख नको वाटणे स्वाभाविक म्हणावे लागेल. जलमार्गाचे पूर्ण नाव मात्र कुणी पुसले नाही. नकाशांवर आजही ‘पोर्त दे मोर’ छापलेले असते आणि बोलण्यात ‘डेथ्स डोअर’ चालते. स्थानिक लोक काउंटीचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग मानतात व त्यांना ‘नॉर्दर्न डोअर’ आणि ‘सदर्न डोअर’ म्हणतात. शेती करणारा दक्षिण भाग आणि पर्यटकांनी गजबजलेला उत्तर भाग यांचे स्वभाव पुष्कळ वेगळे आहेत.

युरोपीय लोक येण्यापूर्वी तिथे कोण राहत होते आणि ते पुढे कुठे गेले?

या द्वीपकल्पावर माणसाचा वावर हजारो वर्षांचा आहे. सतराव्या शतकातील लेखी नोंदी सुरू होतात तेव्हा मेनॉमिनी, हो-चंक आणि पोटावाटोमी या समाजांचा या भागाशी संबंध दिसतो. हो-चंकांच्या परंपरेनुसार त्यांचा उगम ग्रीन बे उपसागराच्या काठी, ज्याला आता रेड बँक्स म्हणतात त्या जागी झाला. ही जागा द्वीपकल्पाच्या पायथ्याकडे आहे. पोटावाटोमी मूळचे सरोवराच्या पूर्वेकडचे. इरोक्वॉय या पूर्वेकडील जमातींच्या संघाच्या चढायांमुळे सतराव्या शतकाच्या मध्यास अनेक समाज पश्चिमेकडे सरकले, त्यांत तेही होते. ह्यूरॉन आणि ओडावा निर्वासितही याच काळात बेटांपर्यंत पोहोचले. १९६९ ते १९७३ या काळात रॉक बेटावर झालेल्या उत्खननात या सर्व वस्त्यांचे थर एकावर एक आढळले. स्थानिक मातीची भांडी आणि फ्रेंच काचमणी एकाच जागी मिळाल्यामुळे, लेखी वृत्तांतांतील हकिकती प्रत्यक्ष जमिनीशी ताडून पाहता आल्या.

१८३१ साली मेनॉमिनींनी केलेल्या करारात हे द्वीपकल्प अमेरिकेच्या ताब्यात गेले. तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या पोटावाटोमींची संमती या करारात नव्हती. १८३३ च्या शिकागो करारानंतर पोटावाटोमींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा सपाटा सुरू झाला. सगळे गेले नाहीत. काही कॅनडात गेले, काही मिशिगनच्या उत्तर भागात, तर काहींनी विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील जंगलांत आसरा घेतला, आणि त्यांचे वंशज आज फॉरेस्ट काउंटी पोटावाटोमी या मान्यताप्राप्त समाजाचे सदस्य आहेत.

सायमन काहक्वाडोस हे त्यांच्यापैकी एका घराण्याचे वंशपरंपरागत प्रमुख होते. आपल्या लोकांच्या जमिनीच्या हक्कासाठी त्यांनी राजधानी वॉशिंग्टनपर्यंत खेपा घातल्या. १९३० साली त्यांचे निधन झाले. पूर्वजांच्या भूमीत विसावा मिळावा म्हणून १९३१ च्या मे महिन्यात पेनिन्सुला राज्य उद्यानात त्यांचे दफन करण्यात आले, आणि त्या प्रसंगी हजारो लोक जमले. जी जमीन त्यांना हयातीत परत मिळाली नाही, तिथेच इतक्या मोठ्या समारंभाने त्यांना निरोप दिला गेला. ती कबर आणि जवळचा स्मारकस्तंभ आजही उद्यानात पाहता येतो.

फ्रेंचांचा या भागाशी संबंध केव्हा आला?

जाँ निकोले हे १६३४ साली ग्रीन बे परिसरात पोहोचलेले पहिले युरोपीय मानले जातात. त्यांच्यामागून कातड्यांचे व्यापारी आणि जेझुइट धर्मप्रसारक आले. १६७४ च्या शरद ऋतूत त्यांच्यापैकी जाक मार्केत हे धर्मप्रसारक इलिनॉयकडे निघाले, तेव्हा त्यांनी टोकाला वळसा घालण्याऐवजी द्वीपकल्पाच्या मधोमध असलेल्या खाडीत शिरून उरलेले अंतर होड्या खांद्यावर घेऊन पायी कापले. ही वाट स्थानिक लोकांची जुनी वहिवाट होती. मृत्यूचे दार टाळण्याचा तो सर्वांत शहाणपणाचा मार्ग होता.

फ्रेंच शोधप्रवासी रॉबेर दे ला साल यांच्या ‘ग्रिफॉन’ जहाजाची हकिकतही इथलीच आहे. नायगाराच्या वरच्या सरोवरांवर फिरलेले ते पहिले मोठे शिडाचे जहाज. १६७९ च्या १८ सप्टेंबरला ते ग्रीन बेच्या मुखाजवळच्या एका बेटावरून कातड्यांचा माल भरून परत निघाले आणि नाहीसे झाले. ते बेट वॉशिंग्टन किंवा रॉक असावे, असा सर्वसाधारण समज आहे. जहाज सापडल्याचे दावे वारंवार झाले, पण एकही निर्विवाद ठरलेला नाही.

काउंटीची स्थापना केव्हा झाली? मुख्यालय पहिल्यापासून स्टर्जन बे येथेच होते का?

१८५१ साली ब्राउन काउंटीतून डोअर काउंटी वेगळी काढण्यात आली. सुरुवातीची हद्द आजच्याहून मोठी होती. पुढच्याच वर्षी तिचा दक्षिण भाग तोडून केवॉनी काउंटी बनवली गेली. पहिले मुख्यालय सरोवराच्या बाजूला, आज ज्याला बेलीज हार्बर म्हणतात तिथे होते. त्या वस्तीला त्या वेळी जिब्राल्टर म्हणत. आता जिब्राल्टर हे नाव पलीकडच्या, उपसागराच्या बाजूच्या वेगळ्या विभागाला आहे, त्यामुळे जुने दस्तऐवज वाचताना हमखास गोंधळ होतो. १८५७ मध्ये मुख्यालय स्टर्जन बे येथे गेले आणि तिथेच राहिले.

‘स्टर्जन बे’ या नावाचा अर्थ काय, आणि तिथल्या कालव्याचा काउंटीच्या नावाशी काय संबंध आहे?

स्टर्जन हा सरोवरात आढळणारा, माणसाच्या उंचीएवढा वाढू शकणारा आणि अतिशय दीर्घायुषी मासा. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली असलेला हा प्राचीन मासा इथल्या खाडीत विपुल होता. मार्केत ज्या वाटेने गेले, तिलाही फ्रेंचांनी याच माशाचे नाव दिले होते. गावाला मात्र ते सहजासहजी मिळाले नाही. १८५५ च्या सुमारास गाव ग्रॅहम म्हणून नोंदले गेले, मग विधिमंडळाने त्याचे ऑटुम्बा केले. रहिवाशांना ते रुचले नाही. ग्रॅहम हेच नाव परत मिळावे, हा त्यांचा अर्ज फेटाळला गेला, आणि अखेर १८६० मध्ये स्टर्जन बे हे नाव मंजूर झाले. खाडीचे जुने नाव गावाने घेतले हे योग्यच झाले, असे मला वाटते. ऑटुम्बाला त्या मातीत मूळ नव्हते.

होड्या वाहून नेण्याच्या जुन्या वाटेवरच पुढे जहाजांसाठी कालवा खणण्यात आला. शिकागोचे पहिले महापौर आणि रेल्वे कंपनीचे प्रमुख विल्यम ऑग्डन यांच्या पुढाकाराने १८७२ मध्ये काम सुरू झाले आणि १८८१ मध्ये खोदाई पूर्ण झाली. खोदलेला भाग जेमतेम सव्वा मैलाचा आहे. उरलेला मार्ग खाडीनेच दिला. ग्रीन बेमधील लाकूड शिकागो-मिलवॉकीकडे नेणाऱ्या जहाजांना त्यामुळे टोकाला वळसा घालण्याची गरज उरली नाही. ज्या धोक्याने काउंटीला नाव दिले, त्याला बगल देण्याची सोय त्याच काउंटीच्या मधोमध झाली. काटेकोरपणे पाहता, कालव्यामुळे काउंटीचा उत्तर भाग आता बेटच झाला आहे आणि तिकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीला पूल ओलांडावा लागतो.

इतर गावांच्या नावांमागे काय कथा आहेत?

किनाऱ्यावरची बरीच नावे खलाशी आणि वसाहतकार यांच्याकडून आली आहेत. १८४८ साली जस्टिस बेली नावाचे कप्तान वादळातून वाचण्यासाठी एका अनोळखी बंदरात शिरले. तिथला दगड आणि लाकूड पाहून त्यांनी परतल्यावर आपल्या जहाजमालकाला ती बातमी दिली, आणि वस्तीची सुरुवात झाली. ते बेलीज हार्बर. एलिसन बे हे नाव एलियासन या डॅनिश वसाहतकारावरून आले आहे. सिस्टर बे हे नाव समोरच्या दोन जुळ्या बेटांवरून पडले.

एग हार्बर, म्हणजे अंड्यांचे बंदर, याबद्दल दोन मते आहेत. किनाऱ्यावर रानबदकांच्या अंड्यांनी भरलेली घरटी सापडली, हे एक मत. दुसऱ्यानुसार १८२५ साली उपसागराच्या टोकाशी असलेल्या ग्रीन बे गावाहून मॅकिनॅक या व्यापारी ठाण्याकडे निघालेल्या व्यापाऱ्यांच्या होड्यांमध्ये किनारा आधी कोण गाठतो यावरून चुरस लागली आणि शिदोरीतली अंडी एकमेकांवर फेकण्यात आली. या दुसऱ्या हकिकतीमागे त्या प्रवासात असलेल्या एका स्त्रीने लिहून ठेवलेली आठवण आहे, म्हणून तिचे पारडे जड मानावे लागते.

इफ्रेम हे नाव बायबलमधील आहे आणि त्याचा अर्थ फलदायी असा लावला जातो. मोरावियन पंथाचे नॉर्वेजियन धर्मगुरू अँड्रियास इव्हर्सन यांनी १८५३ मध्ये आपल्या अनुयायांसह हे गाव वसवले. ते ग्रीन बे येथील एका वसाहतीतून बाहेर पडले होते, कारण तिथे जमिनीची मालकी त्यांच्या नावावर होत नव्हती. इफ्रेममध्ये स्थापनेपासून मद्यविक्रीला बंदी होती आणि ती २०१६ साली मतदान होईपर्यंत टिकली.

काउंटीच्या दक्षिण भागात ब्रुसेल्स आणि नामूर ही बेल्जियन नावे कशी आली?

१८५३ पासून बेल्जियमच्या वलून भाषक भागातील शेतकरी कुटुंबे इथे येऊ लागली. मायदेशी जमिनीचे तुकडे पडत चालले होते, आणि विस्कॉन्सिनमध्ये जंगल तोडण्याची तयारी असेल तर जमीन स्वस्त मिळत होती. त्यांनी गावांना आपल्याच शहरांची नावे दिली. वलून बोली इथल्या घरांत पिढ्यानुपिढ्या टिकली, आणि सुगीनंतरचा ‘केर्मिस’ हा त्यांचा सण अजूनही साजरा होतो.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री या वसाहतीवर फार मोठे संकट कोसळले. त्या वर्षी दीर्घ अवर्षण होते आणि जंगलतोडीचा पालापाचोळा जागोजागी पडून होता. शिकागोची प्रसिद्ध आग लागली त्याच रात्री ग्रीन बेच्या दोन्ही काठांवर वणवा भडकला. पश्चिमेकडील पेश्टिगो गावाच्या नावाने तो ओळखला जातो, आणि अमेरिकेच्या इतिहासात सर्वाधिक बळी घेणारा वणवा हाच आहे; मृतांचा अंदाज १,२०० ते २,५०० असा दिला जातो. डोअर काउंटीत विल्यमसनव्हिल ही छपराच्या लाकडी फळ्या बनवणाऱ्या गिरणीभोवतीची वस्ती होती. तिथल्या ७५ हून थोड्या अधिक रहिवाशांपैकी सुमारे ६० जण मृत्युमुखी पडले. कित्येकांनी मोकळ्या बटाट्याच्या शेतात धाव घेतली होती, पण तिथेही ते वाचले नाहीत. ते गाव पुन्हा वसले नाही. त्या जागी आता काउंटीचे स्मृतिउद्यान असून, आगीच्या वावटळीवरून त्याला ‘टॉर्नेडो’ हे नाव दिले आहे. वणव्यानंतर बेल्जियनांनी घरे बांधली ती लाल विटांची, आणि ती घरे व रस्त्याकडेची छोटी प्रार्थनामंदिरे हीच आज या भागाची ओळख आहे.

वॉशिंग्टन बेटाचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरून आहे का?

अप्रत्यक्षपणे तसे म्हणता येईल. १८१६ मध्ये ग्रीन बे येथे किल्ला बांधण्यासाठी सैन्य घेऊन गेलेल्या ताफ्यातील ‘वॉशिंग्टन’ या जहाजाने बेटाच्या बंदरात नांगर टाकला होता, आणि बंदराला व पुढे बेटाला त्या जहाजाचे नाव मिळाले. त्याआधी हा द्वीपसमूह पोटावाटोमींच्या नावाने ओळखला जात असे. १८७० साली आइसलँडमधील आयरारबाक्की या गावाहून चार तरुण मिलवॉकीमार्गे इथे आले. त्या गावी काही काळ राहिलेल्या एका डॅनिश व्यापाऱ्याच्या बोलण्यामुळे त्यांनी ही वाट धरली होती. मासेमारीचा अनुभव असल्याने ते टिकले, त्यांच्यामागून आप्तेष्ट आले, आणि अमेरिकेतील सर्वांत जुन्या आइसलँडिक वस्त्यांपैकी एक इथे उभी राहिली. शेजारचे रॉक बेट १९१० मध्ये आइसलँडमध्येच जन्मलेले शिकागोचे विद्युत-संशोधक चेस्टर थॉर्डरसन यांनी जवळजवळ पूर्ण विकत घेतले. तिथले त्यांचे दगडी सभागृह आता राज्य उद्यानाचा भाग आहे.

ही बेटे मिशिगन राज्याची असल्याचा दावा झाला होता का?

झाला होता, आणि त्याचे मूळ याच जलमार्गात होते. मिशिगनची हद्द ठरवताना संसदेने ग्रीन बेमध्ये शिरण्याचा ‘सर्वांत रुळलेला जहाजमार्ग’ ही सीमा मानली. तो मार्ग म्हणजे मृत्यूचे दार, असे धरले तर बेटे मिशिगनची होतात; रॉक बेटाच्या उत्तरेकडचा मार्ग धरला तर ती विस्कॉन्सिनची. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बेटांवर विस्कॉन्सिनने दीर्घकाळ कर वसूल केला व कारभार चालवला, हे ध्यानात घेऊन १९२६ मध्ये न्यायालयाने ती विस्कॉन्सिनला दिली. त्या निकालातील सीमेच्या वर्णनात चुका राहिल्याने प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि १९३६ मध्ये रेषा कायमची निश्चित झाली.

डोअर काउंटी चेरीसाठी प्रसिद्ध आहे. हे पीक तिथे मूळचेच का?

नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगल संपत आले आणि खडकावरच्या पातळ मातीत गव्हाचे उत्पन्न घटू लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे उद्यानशास्त्रज्ञ एमेट गॉफ यांना असे दिसले की दोन्ही बाजूंच्या पाण्यामुळे इथला वसंत उशिरा येतो. त्यामुळे मोहोर लांबतो आणि उशिराच्या दहिवरापासून वाचतो. १८९० च्या दशकात त्यांनी व ए. एल. हॅच यांनी बागा लावल्या, आणि आंबट मॉन्टमोरेन्सी जातीच्या चेरीने काउंटीची शेती बदलून टाकली. १९४५ मध्ये मजूर मिळेनात, तेव्हा जर्मन युद्धकैद्यांकडून फळे तोडून घेण्यात आली होती.

हा इतिहास प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठून सुरुवात करावी?

शिकागो आणि मिलवॉकी परिसरातील मराठी कुटुंबे पानगळीचे रंग पाहायला किंवा चेरीच्या हंगामात इथे जातात, पण बहुतेकांची भेट मधल्या गावांतच संपते. वेळ असेल तर टोकापर्यंत जावे. नॉर्थपोर्टच्या धक्क्यावरून वॉशिंग्टन बेटाला वर्षभर फेरीबोट जाते आणि सुमारे अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात मृत्यूचे दार ओलांडले जाते. डेकवर उजव्या हाताला उभे राहावे, म्हणजे प्लम बेट आणि त्यामागचे पायलट बेट नीट दिसते. बेटावर उतरल्यावर पलीकडच्या जॅक्सन हार्बरमधून उन्हाळ्यात दुसरी लहान बोट रॉक बेटावर जाते. तिथे मोटारी नाहीत. १८३६ पासूनच्या दीपस्थानापर्यंत सुमारे सव्वा मैलाची चढण पायी करावी लागते. परतीच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्यावी, कारण ती चुकल्यास बेटावर राहण्यासाठी तंबूखेरीज दुसरी सोय नाही.